उंबरठ्यावरचे कुलूप

लॅपटॉपचे बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंत जे काही सेकंद जातात, तेवढ्या वेळात संगणकावर विंडोजचा अंमल नसतो. तेव्हा काम करत असतो मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमचा बसवलेला प्रोग्रॅम. त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याचे जुने रूप बायोस आणि आताचे यूईएफआय, पण दुरुस्तीच्या दुकानात आजही सगळे त्याला बायोसच म्हणतात. मेमरी शाबूत आहे का, कीबोर्ड जोडलेला आहे का, डिस्क कुठे आहे हे तपासून तो पुढचा कारभार विंडोजच्या किंवा लिनक्सच्या हाती देतो. या प्रोग्रॅमला स्वतःचा पासवर्ड लावता येतो. विंडोजचा पासवर्ड विसरला तर त्यातून सुटण्याचे मार्ग बरेच आहेत. बायोसचा विसरला तर मार्ग फार थोडे उरतात, आणि कंपन्यांसाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये तर ते निर्मात्यांनी मुद्दाम बुजवलेले असतात.

घरच्या लॅपटॉपला असा पासवर्ड क्वचितच लावलेला असतो. लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक अशी जी यंत्रे कंपन्या शेकड्याने खरेदी करतात, त्यांत मात्र आयटी विभाग यंत्र कर्मचाऱ्याच्या हाती देण्याआधीच तो घालून ठेवतो. कारण सरळ आहे. ज्याला बायोसमध्ये शिरता येते त्याला यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करता येते, म्हणजे विंडोजला वळसा घालून थेट डिस्कपर्यंत पोचता येते. पुढे तो आयटीवाला नोकरी बदलतो, कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होते, जुने लॅपटॉप घाऊक भावाने विकले जातात, आणि पासवर्ड ज्या एक्सेल फाइलमध्ये लिहिलेला होता ती फाइल कुणालाच सापडत नाही. कधी छोट्या व्यवसायाच्या मालकाने चार वर्षांपूर्वी स्वतःच तो घातलेला असतो आणि नंतर त्याची एकदाही गरज पडलेली नसते.

उपाय शोधण्याआधी अडवणारा पासवर्ड नेमका कोणता, हे ओळखावे लागते. ‘बायोसचा पासवर्ड’ या एका नावाखाली तीन वेगळी कुलपे येतात आणि तिन्हींची नियती वेगळी आहे. पहिला पॉवर-ऑन पासवर्ड. बटण दाबताच तो विचारला जातो आणि दिल्याशिवाय यंत्र पुढे सरकतच नाही. दुसरा सुपरवायझर पासवर्ड, काही कंपन्या त्याला अ‍ॅडमिन किंवा सेटअप पासवर्ड म्हणतात. केवळ हाच लावलेला असेल तर विंडोज नेहमीसारखे सुरू होते आणि महिनोन् महिने कुणाला काही जाणवत नाही. थिंकपॅडमध्ये सुरुवातीलाच एफ१ दाबून सेटअपमध्ये जायचा प्रयत्न केला की तो समोर येतो. तिसरा हार्ड डिस्क पासवर्ड. तो मदरबोर्डवर नसून डिस्कच्या आतच असतो, म्हणून डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घातली तरी तो तिच्याबरोबर जातो. चूक होते ती इथेच. डिस्क पासवर्ड मागत असताना मदरबोर्ड बदलला, तर खर्च होतो आणि कुलूप जागच्या जागी राहते.

डेस्कटॉप संगणक वापरलेल्या पिढीला एक उपाय पाठ आहे: खोलायचे, आतला गोल सेल काढायचा, थोडे थांबायचे आणि परत बसवायचा. त्या उपायाला आधार होता. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी एटी या संगणकात तारीख, वेळ आणि यंत्राच्या सेटिंग सीमॉस नावाच्या चिपमध्ये ठेवल्या जात, आणि वीज नसताना ती चिप बॅटरीवर तग धरून राही. पुढे त्या कामासाठी सीआर २०३२ हा सेल सर्वत्र रूढ झाला: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. पासवर्डही त्याच चिपमध्ये असल्यामुळे सेल काढला की तो पुसला जाई. डेस्कटॉप कार्यालयात टेबलाखाली असतो, त्यामुळे एवढी कच्ची व्यवस्था चालून गेली.

लॅपटॉप मात्र गाडीत राहतो, विमानतळावर विसरला जातो, चोरीला जातो. एका स्क्रूड्रायव्हरने पाच मिनिटांत उघडणारे कुलूप त्याच्या उपयोगाचे नव्हते. म्हणून निर्मात्यांनी पासवर्ड अशा चिपमध्ये हलवला जिला स्मरणासाठी वीज लागत नाही. तिला ईईप्रॉम म्हणतात. आयबीएमने १९९२ साली बाजारात आणलेला आणि २००५ मध्ये लेनोवोकडे गेलेला थिंकपॅड हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. २००० च्या आसपासच्या थिंकपॅडमध्ये अ‍ॅटमेल कंपनीची २४आरएफ०८ ही चिप असे. तुरीच्या डाळीएवढे काळे चौकोनी अंग, दोन्ही बाजूंना चार-चार पाय आणि आत अवघ्या १०२४ बाइटची जागा. सगळ्या यंत्राचा हक्क त्या डाळीएवढ्या तुकड्यात साठवलेला. सेल महिनाभर बाहेर काढून ठेवला तरी तिच्यातला पासवर्ड हलत नाही.

इतकेच नव्हे, सेल काढल्याने प्रकरण बिघडूही शकते. सुपरवायझर पासवर्ड असलेला जुना थिंकपॅड विंडोजपर्यंत व्यवस्थित जात असतो. सेल काढला की तारीख आणि वेळ पुसली जाते, यंत्र ती दुरुस्त करायला सेटअपमध्ये जायला सांगते, आणि सेटअपच्या दारात पासवर्ड मागते. काल चालत असलेला लॅपटॉप आज उंबरठ्यावर अडकतो. इंटरनेटवर सर्वाधिक सुचवला जाणारा हा उपाय थिंकपॅडच्या बाबतीत सर्वांत आधी टाळायला हवा. याला अपवाद एकच. जुन्या थिंकपॅडमध्ये केवळ पॉवर-ऑन पासवर्ड लावलेला असेल आणि सुपरवायझर पासवर्ड अजिबात नसेल, तर मुख्य बॅटरी आणि आतला सेल काढून पॉवर-ऑन पासवर्ड घालवण्याची पद्धत कंपनीच्या देखभाल-पुस्तिकांतच दिलेली आहे.

सुपरवायझर पासवर्डबाबत लेनोवोची भूमिका तिच्या पुस्तिकांमध्ये स्पष्ट शब्दांत छापलेली असते. तो विसरल्यास काढून टाकण्याची कोणतीही सेवा-पद्धत नाही, अधिकृत सेवा केंद्राकडून मदरबोर्ड बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी खरेदीचा पुरावा लागतो आणि सुट्या भागांचे व कामाचे पैसे आकारले जाऊ शकतात. वाचणाऱ्याला हे निष्ठुर वाटते. पण निर्मात्याकडेच गुप्त किल्ली असती तर ती कधी ना कधी फुटली असती, आणि मग चोराच्या हातातला प्रत्येक थिंकपॅड उघडा पडला असता. मालकाला त्रास होतो तो या सुरक्षिततेची किंमत म्हणूनच, आणि ती किंमत योग्य आहे.

गुप्त किल्ली ठेवली की काय होते हे डेलच्या अनुभवातून दिसते. डेलच्या लॅपटॉपवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो आणि पासवर्डच्या पडद्यावर तो एका पुरवणी संकेतासह दिसतो. मालकी पटवून दिली की कंपनीचा मदत विभाग त्या टॅगवरून काढलेला एक सुटकेचा पासवर्ड देत आला. व्यवस्था सोयीची होती, पण टॅगवरून पासवर्ड काढण्याचे सूत्र बाहेर पडले, ते चालवणारे प्रोग्रॅम हातोहात फिरू लागले आणि डेलला वेळोवेळी नवी सूत्रे आणावी लागली. पुढे कंपनीने सेटअपमध्ये ‘मास्टर पासवर्ड लॉकआउट’ असा पर्याय दिला. तो सुरू केला की सुटकेचा हा मार्गच बंद होतो. ज्या कंपनीने तो सुरू करून पासवर्ड हरवला, तिच्यापुढे महागडा उपायच उरतो.

एचपीने काही जुन्या व्यावसायिक मॉडेलांसाठी मधला रस्ता काढला होता. मालकी तपासून कंपनी त्या एकाच यंत्राच्या ओळख-क्रमांकाला लागू पडणारी फाइल देई. पेनड्राइव्हवरून ती फाइल वाचली की पासवर्ड निघून जाई, आणि दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल निरुपयोगी ठरे. पुढच्या एलिटबुकांमध्ये शुअर स्टार्ट नावाची व्यवस्था आली. तिच्यात एक स्वतंत्र नियंत्रक फर्मवेअरची सुरक्षित प्रत बाळगतो आणि मूळ चिपमध्ये कुणी फेरफार केला तर त्या प्रतीवरून ती पूर्ववत करतो.

पासवर्ड खरोखरच हरवला आहे का, याची खात्री आधी करून घेण्यात शहाणपण आहे. अनेकदा हरवलेला असतो तो फक्त टाइप करण्याचा मार्ग. फर्मवेअर बहुधा कीबोर्डची अमेरिकी मांडणी धरून चालते. विंडोजमध्ये दुसरी मांडणी वापरणाऱ्याने जे चिन्ह टाइप केले असे समजले, ते इथे वेगळे उमटू शकते, आणि पडद्यावर फक्त ठिपके दिसत असल्यामुळे ते कळत नाही. कॅप्स लॉक पाहावे. आकड्यांसाठी उजवीकडचे नंबर पॅड न वापरता वरची ओळ वापरावी. अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नये. थिंकपॅडमध्ये चुकीचा सुपरवायझर पासवर्ड तीनपेक्षा अधिक वेळा पडला की पडद्यावर ०१९९ ही त्रुटी येते. ती दिसली म्हणजे पासवर्ड चुकण्याची मर्यादा ओलांडली गेली आहे. त्यामुळे शक्यता आधी कागदावर लिहून त्यांतल्या सर्वांत संभवनीय दोन-तीनच वापरून पाहाव्यात.

कंपनीच्या यंत्राबाबत आणखी एक गोष्ट मदतीला येते. आयटी विभाग एका खेपेतल्या सगळ्या लॅपटॉपना बहुतेक वेळा एकच पासवर्ड घालतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सवय वाईट, पण हरवलेला पासवर्ड शोधताना तीच कामाला येते. त्याच खरेदीतल्या दुसऱ्या लॅपटॉपचा पासवर्ड कुणाला माहीत आहे का, यंत्रे पुरवणाऱ्या विक्रेत्याने तो घालून दिला होता का, पूर्वीचा आयटीवाला फोनवर मिळतो का, हे विचारायला काही पडत नाही. डेल, एचपी आणि लेनोवो या तिन्ही कंपन्यांची अशी साधने आहेत की ज्यांनी मोठ्या संख्येच्या यंत्रांतील बायोस सेटिंग दुरून बदलता येतात. कंपनीने ती वापरली असतील तर त्यांच्या आज्ञा लिहून ठेवलेल्या जुन्या फाइलींत पासवर्ड सापडण्याची शक्यता असते. कपाट फोडण्याआधी ड्रॉवर उघडून पाहावा, तसे हे आहे.

हे सगळे करून झाले आणि मदरबोर्ड बदलायचे ठरले, तर आधी डेटाचा विचार करावा लागतो. याच टप्प्यावर सर्वाधिक नुकसान होते. आजच्या बहुतेक व्यावसायिक लॅपटॉपवर विंडोजचे बिटलॉकर डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध करून ठेवते आणि त्याची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा-भागाच्या हवाली करते. हा भाग मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरच्या आत असतो. मदरबोर्ड बदलला की तोही बदलतो. नव्या बोर्डावर जुनी डिस्क लावली की निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते: सहा-सहा आकड्यांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर विंडोजला लगेच कळते. पण मुळात ते ४८ आकडेच नसतील, तर डिस्क धडधाकट असूनही आतली हिशेबाची, करारांची, फोटोंची एकही फाइल परत मिळत नाही. ही की वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असू शकते, कंपनीच्या खात्यात आयटी विभागाकडे असू शकते, किंवा यंत्र पहिल्यांदा लावताना काढलेल्या प्रिंटवर. केवळ सुपरवायझर पासवर्ड हरवलेला असेल आणि विंडोज अजून सुरू होत असेल, तर ही उसंत वाया घालवू नये. त्याच दिवशी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि बिटलॉकरच्या पडद्यावरून ते ४८ आकडे उतरवून ठेवावेत.

पॉवर-ऑन पासवर्डने यंत्र पूर्ण अडवले असेल तरी डिस्क बहुधा मोकळी असते. अलीकडच्या लॅपटॉपमधील एसएसडी ही २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेकदा ८० मिलिमीटर लांब अशी एक पट्टी असते, एका स्क्रूने बसवलेली. ती काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली की कूटबद्ध नसलेला मजकूर सरळ वाचता येतो. कूटबद्ध असेल तर तिथेही तेच ४८ आकडे लागतात. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच झाळलेली असते. तिथे हा मार्ग नाही.

हार्ड डिस्क पासवर्डची गोष्ट याहून कठोर आहे. लेनोवो लिहून देते की हा पासवर्ड विसरल्यास कंपनी तो काढू शकत नाही आणि डिस्कवरचा मजकूरही परत मिळवून देऊ शकत नाही. स्वतःच कूटबद्ध करणाऱ्या अनेक डिस्कच्या लेबलावर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरांचा क्रमांक छापलेला असतो. तो वापरून डिस्क पुन्हा कोरी करता येते, मात्र तिच्यावरचे सर्व काही कायमचे जाते. मजकूर मौल्यवान असेल तर बॅकअप शोधणे एवढेच हाती राहते.

अधिकृत सेवा केंद्राबाहेर दुसरा धंदाही चालतो. कुशल कारागीर मदरबोर्डवरची चिप उपकरणाने वाचतात, तिच्यातला मजकूर बदलतात किंवा चिपच बदलतात. जुन्या, वॉरंटी संपलेल्या आणि मालकी निर्विवाद असलेल्या यंत्रासाठी काही वेळा हाच परवडणारा उपाय ठरतो, आणि असे काम नीट करणारे लोक आहेत. पण त्याच चिपांमध्ये यंत्राचा सीरियल क्रमांक आणि ओळख-क्रमांकही साठवलेले असतात. घाईत दुसऱ्या लॅपटॉपची प्रत चढवली तर यंत्र सुरू होते, पण ते आता दुसऱ्याच्या नावाने वावरते: कंपनीच्या नोंदीत सापडत नाही आणि वॉरंटी जुळत नाही. चिपचे पाय जोडून ‘जुगाड’ करण्याच्या प्रयत्नात बोर्डच निकामी झाल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या दुकानांत नवी नाहीत. म्हणून असे काम द्यायचे असेल तर कारागिराने मूळ चिपची प्रत आधी काढून जपून ठेवली आहे ना, हे विचारून घ्यावे. जो हो म्हणत नाही त्याच्याकडे यंत्र देऊ नये.

अधिकृत मार्गाने गेल्यावर प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो: हे यंत्र तुमचे कशावरून? उत्तर म्हणून लागते खरेदीचे बिल, आणि त्यावर यंत्राचा सीरियल क्रमांक असेल तर काम सोपे होते. यंत्र कंपनीचे असेल तर कंपनीच्या लेटरहेडवरील अधिकारपत्रही मागितले जाऊ शकते. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर फर्मवेअर पासवर्ड विसरल्यास अ‍ॅपलही मूळ पावती किंवा बिल दाखवायला सांगते. शेवटी हे कुलूप उघडते ते कागदावर.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये सेकंडहँड थिंकपॅड आणि लॅटिट्यूड विकत घेणाऱ्यांसाठी याचा अर्थ गंभीर आहे. हे लॅपटॉप मजबूत असतात, स्वस्त मिळतात, आणि विद्यार्थी व छोटे व्यावसायिक त्यांच्यावर वर्षानुवर्षे काम करतात. त्यांतले बहुतेक कंपन्यांनी रीतसर विकलेले असतात. पण सुपरवायझर पासवर्ड तसाच असलेले यंत्र म्हणजे एक तर कंपनी तो काढायला विसरली, नाही तर ते यंत्र कंपनीने विकलेलेच नाही. चोरीचा संगणक जाणूनबुजून घेणे हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ब खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेतले कलम ३१७ चोरीच्या मालाबाबत स्वतंत्रपणे आहेच. काही व्यावसायिक लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये अ‍ॅब्सोल्यूट कंपनीची माग काढणारी व्यवस्थाही असते. ती सुरू असेल तर मूळ मालक यंत्र दुरून बंद करू शकतो, आणि डिस्क बदलून किंवा विंडोज नव्याने टाकून ती जात नाही.

म्हणून जुना लॅपटॉप घेताना विंडोज सुरू झाले, बॅटरी तीन तास चालली एवढ्यावर समाधान मानू नये. दुकानातच यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि थिंकपॅड असेल तर एफ१, डेल असेल तर एफ२, एचपी असेल तर एफ१० दाबून सेटअप उघडावा. पासवर्ड विचारला गेला, तर विकणाऱ्याला तो आपल्यासमोर काढायला सांगावा. बिलावर सीरियल क्रमांक लिहून घ्यावा, लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी तो ताडून पाहावा, आणि मगच पैसे द्यावेत.